समुद्रात बेपत्ता झालेली जहाजं आणि विमानं : कारणं सापडतात का?

पूर्णाकाठ (वसमत, जि. हिंगोली) – धागाकर्ता

नमस्कार मंडळी.

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय. १९२५ साली बर्म्युडा त्रिकोणात (फ्लोरिडा, बर्म्युडा आणि पोर्टो रिको यांच्यामधला समुद्र) गडप झालेलं ‘कोटोपॅक्सी’ जहाज ९० वर्षांनी क्युबाजवळ आपोआप परत आलं, आत एकही माणूस नाही, शास्त्रज्ञ हैराण. खाली गंजलेल्या जहाजाचा फोटो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या लेकरांनी तो फोटो दाखवून विचारलं, “सर, हे खरं हाय का?”

खरं नाही. ही बातमी २०१५ साली खोट्या बातम्या रचणाऱ्या एका संकेतस्थळाने सोडली होती. कोटोपॅक्सी कोळसा घेऊन चार्ल्सटनहून हवानाला निघालं होतं, वर ३२ माणसं होती. वादळात सापडलं, जहाजात पाणी शिरतंय, जहाज कलंडतंय असा संदेशही त्याने पाठवला होता. पुढे कोर्टात जी कागदपत्रं आली त्यांत मालाच्या कोठारांवरची लाकडी झाकणं खराब झाल्याची नोंद आहे. आणि जहाजाचा सांगाडा फ्लोरिडाच्या सेंट ऑगस्टीन शहरासमोरच्या समुद्रतळावर आहे. तिथले पाणबुडे त्या सांगाड्यावर कितीतरी वर्षं उतरत होते, फक्त तो कोणत्या जहाजाचा हे माहीत नव्हतं. २०२० च्या जानेवारीत ओळख पटल्याचं जाहीर झालं.

आता माझा मुद्दा. आमच्या भागात, पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत, जमिनीतून गुडगुड आवाज येतात. सुरुवातीला माणसं रात्र-रात्र अंगणात बसून काढायची आणि ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण. मग यंत्रं बसली, मोजणी झाली आणि कळलं की हे कमी खोलीवरचे लहान भूकंप आहेत. १० जुलै २०२४ ला तर ४.५ रिश्टरचा धक्का बसला. कारण कळल्यावर भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण काय करायचं ते कळलं. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड उतरवून घ्या, असं प्रशासनाने सांगितलं आणि लोकांनी उतरवले.

म्हणून विचारतो. समुद्रातल्या या घटनांमागची कारणं कितपत सापडली आहेत? आमच्या लेकरांनी येलदरीचं धरण पाहिलंय, समुद्र नाही. त्यांना नीट सांगता येईल असं लिहा. इथे जहाजावर काम करणारी, विमानातलं कळणारी माणसं आहेत, हे मला माहीत आहे.

---

नाथसागर (पैठण)

गुरुजी, धागा चांगला काढलात. पण एक खोटी बातमी पकडली म्हणून सगळ्याच घटना निकालात निघत नाहीत.

५ डिसेंबर १९४५, फ्लाइट १९. अमेरिकन नौदलाची पाच अ‍ॅव्हेंजर विमानं, १४ माणसं. होकायंत्रं बंद पडली म्हणून रेडिओवर सांगितलं आणि पाचही विमानं गेली. त्यांना शोधायला गेलेलं विमान १३ माणसांसह त्याच संध्याकाळी गेलं. १९१८ च्या मार्चमध्ये ‘सायक्लोप्स’ हे नौदलाचं प्रचंड मालवाहू जहाज ३०६ माणसांसह गेलं, धोक्याचा एक संदेश नाही. १८७२ मध्ये ‘मेरी सेलेस्ट’ शिडांसकट तरंगत सापडलं आणि आत माणूस नाही.

मी परग्रहावरून कोणी आलं असं म्हणत नाही. पण त्या पाण्यात, त्या हवेत काहीतरी वेगळं असेल, मिथेन वायू असेल, चुंबकत्व असेल. सगळं वैमानिकाच्या चुकीवर ढकलणं मला पटत नाही. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही.

---

कॉकपिट_नांदेड

नाथसागर दादा, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. म्हणूनच फ्लाइट १९ च्या नोंदी नीट वाचायला हव्यात. मी विमानांच्या देखभालीत काम करतो आणि हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे.

ते प्रशिक्षणाचं उड्डाण होतं. फोर्ट लॉडरडेलहून दुपारी २.१० ला निघायचं, पूर्वेला जाऊन बॉम्बफेकीचा सराव करायचा, बहामा बेटांवरून उत्तरेला वळायचं आणि पश्चिमेकडे परत यायचं. प्रमुख होते लेफ्टनंट चार्ल्स टेलर. अनुभवी माणूस, पण आधीची नेमणूक मायामीला असल्याने फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या ‘कीज’ बेटांचा परिसर त्यांच्या सवयीचा. होकायंत्रं बिघडल्याचं त्यांनी कळवलं आणि खाली बेटांची रांग दिसली तेव्हा आपण कीजवर आलो असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते बहामावर होते. कीजवरून घरी जायचं तर ईशान्येला जावं लागतं. बहामावरून ईशान्येला गेलं की पुढे उघडा अटलांटिक.

पश्चिमेला वळायला हवं, असं त्या विमानांतल्या एकाने म्हटल्याची नोंद आहे. पण लष्करी शिस्तीत तुकडी प्रमुखाच्या मागे जाते, म्हणून पाचही विमानं एकत्र गेली. त्यात विलक्षण असं काही नाही. साडेपाचला सूर्य मावळला, हवा बिघडली, समुद्र खवळला. इंधन आठ वाजेपर्यंतचं. खवळलेल्या समुद्रात रात्री उतरवलेलं इतकं जड विमान काही मिनिटांत तळाला जातं.

शोधायला गेलेलं मरीनर विमान ७.२७ ला उडालं. ७.५० ला ‘गेन्स मिल्स’ नावाच्या तेलवाहू जहाजाने आकाशात आगीचा लोळ पाहिला आणि पुढे ते जहाज पाण्यावर पसरलेल्या तेलातून गेलं. मरीनर विमानात पेट्रोलची वाफ साचते ही तक्रार वैमानिकांत आधीपासून होती.

“समुद्र नेहमीसारखा दिसत नाही, आमच्या मागे येऊ नका” हे जे संवाद फिरतात, ते नौदलाच्या रेडिओ नोंदीत नाहीत. नंतरच्या लेखकांनी घातलेले आहेत. आणि अहवालात आधी टेलर यांच्यावर ठपका होता. त्यांच्या आईने हे मान्य केलं नाही, पाठपुरावा केला, तेव्हा नौदलाने शेरा बदलून ‘कारण अज्ञात’ असा केला. एका आईला तो शेरा मिळायला हवा होता असंच मला वाटतं. पण त्याच दोन शब्दांवर पुढे पुस्तकांचा बाजार उभा राहिला.

---

लातूरची_रेवा

वैमानिकाला दिशा कळेनाशी होते म्हणजे काय, हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. आधी घातपाताची शंका होती. तपासात दिसलं की विमान कोणत्या बाजूला झुकलंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण अडकलं होतं. रात्र, खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज कुठेच नाही. उपकरण सांगतंय उजवीकडे झुकलोय, म्हणून कॅप्टनने डावीकडे वळवलं आणि विमान डावीकडे उलटत गेलं. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती.

हे मुंबईच्या किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात घडलं म्हणून अवशेष आणि ब्लॅक बॉक्स हाती लागले. हेच मध्य समुद्रात घडलं असतं तर?

दुसरं उदाहरण ‘रामदास’चं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. हे आपल्याला इतकं तपशीलवार माहीत आहे, कारण काही जण पोहत किनाऱ्याला लागले आणि त्यांनी सांगितलं. एकही वाचला नसता तर शांत सकाळी निघालेली बोट तासाभरात नाहीशी झाली एवढंच उरलं असतं.

आणि तसं उरलेलं एक जहाज आहेच, ‘वैतरणा’. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात सापडली. ७४० हून अधिक माणसं होती, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही त्यांत होते. आजवर अवशेष मिळाले नाहीत. काठेवाडात तिच्यावर लोकगीतं झाली, पण अरबी समुद्रावर कोणी त्रिकोण काढला नाही. वादळ आलं, नाव बुडाली, हे तिथल्या लोकांना कळत होतं.

---

परळीचा_खलाशी

बंदरात आहे, नेटवर्क मिळालंय तेवढ्यात लिहून घेतो. मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, बल्क कॅरियरवर. धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल.

आधी सायक्लोप्स. बाजू लक्षात घ्या : ते कोळसा वाहायला बांधलेलं जहाज. शेवटच्या फेरीत ब्राझीलहून मँगनीजचं खनिज भरलं होतं, जे कोळशापेक्षा फार जड. दोन इंजिनांपैकी उजवं नादुरुस्त. जहाज ठरलेल्यापेक्षा जास्त भरलेलं. पुढे १९४१ च्या अखेरीस त्याच रचनेची ‘प्रोटियस’ आणि ‘नेरियस’ ही दोन जहाजं त्याच भागातून बॉक्साइट नेताना हरवली. जागा एक म्हणून लोक जागेला दोष देतात. आम्ही जहाजावरची माणसं आधी जहाज आणि माल बघतो. तिन्ही एका घाटाची, तिन्हींत जड खनिज.

ओलं खनिज काय करतं ते सांगतो, कारण माझं रोजचं काम हेच आहे. बारीक खनिजात ओलावा ठरावीक मर्यादेच्या वर असला की प्रवासातल्या हादऱ्यांनी ते आतल्या आत पातळ होतं. वरून कोरडं दिसतं. पावसात भिजलेल्या आपल्या काळ्या रानात पाय टाकल्यावर जमीन कशी सरकते, तसा हजारो टन माल एका बाजूला सरकतो. जहाज कलतं आणि परत सरळ होत नाही. २००९ च्या पावसाळ्यात आपल्याच देशात मंगळुरूजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ अशी दोन जहाजं लोहखनिजाची भुकटी भरून निघाली आणि बुडाली. २०१५ च्या जानेवारीत ‘बल्क ज्युपिटर’ व्हिएतनामजवळ बॉक्साइटसह बुडालं, १९ पैकी १८ जण गेले. म्हणून आम्ही माल भरताना डब्यात नमुना घेऊन तो डेकवर आपटून बघतो. वर पाणी आलं तर माल घ्यायचा नाही, मग बंदरातला एजंट कितीही घाई करो.

धोक्याचा संदेश का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. जहाज काही मिनिटांत उलटत असेल तर ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, माणूस आधी हाताला लागेल ते धरतो. १९१८ ला तर रेडिओ आजच्यासारखे नव्हतेच.

आता लाटा. मोठ्या समुद्रात ब्रिजवरून पुढे बघितलं की जहाजाचं डेक वाकताना डोळ्यांना दिसतं, इतकी ताकद त्या पाण्यात असते. इतर लाटांच्या दुप्पट उंचीची एखादीच लाट अचानक उठते, असं खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. शास्त्रज्ञ त्याला अतिशयोक्ती समजत. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ‘ड्रॉपनर’ प्लॅटफॉर्मवरच्या लेसर यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली, तेव्हा आजूबाजूच्या मोठ्या लाटा १२ मीटरच्या होत्या. त्या आधी १९७८ च्या डिसेंबरमध्ये ‘म्युन्शन’ हे जर्मन जहाज २८ माणसांसह अटलांटिकमध्ये नाहीसं झालं होतं. त्याची एक जीवरक्षक नौका मिळाली. ती पाण्यापासून २० मीटर उंचीवर टांगलेली असते आणि तिच्या लोखंडी खुंट्या पुढून मागे वाकल्या होत्या. तेवढ्या उंचीवर पाणी आदळलं होतं, याचा तो पुरावा.

---

नाथसागर (पैठण)

खलाशी दादा, मनापासून लिहिलंत. पण ही सगळी कारणं “असं झालं असावं” या प्रकारची आहेत. सायक्लोप्सचा सांगाडा कोणी पाहिलेला नाही. मग मिथेनने झालं असावं असं मी म्हटलं तर ते कमी शास्त्रीय कसं?

---

परळीचा_खलाशी

रास्त प्रश्न आहे. मिथेनचे बुडबुडे पुरेसे असतील तर पाण्याची घनता कमी होऊन नाव बुडू शकते, हे प्रयोगात दिसलं आहे. पण तसा वायू त्या काळात, त्या जागी सुटायला हवा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने त्या पट्ट्यातल्या समुद्रतळाचा अभ्यास केला आणि गेल्या १५,००० वर्षांत तिथे तसा मोठा वायूस्फोट झाल्याचा पुरावा नाही असं सांगितलं. वादळ, जादा माल आणि मोडकं इंजिन यांच्या मात्र लेखी नोंदी आहेत. दोन शक्यतांमध्ये मी नोंद असलेली निवडतो.

चुंबकत्वाचंही तसंच. होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत फरक असतो. तो जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतो. जगात सगळीकडे. तो आमच्या चार्टवर छापलेला असतो आणि प्रत्येक दिशा काढताना धरावाच लागतो.

आणि सांगाडा पाहिलेली जहाजं हवी असतील तर ती देतो.

‘डर्बीशर’. इंग्लंडचं २९४ मीटर लांबीचं बल्क कॅरियर. १९८० च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या दक्षिणेला ‘ऑर्किड’ चक्रीवादळात ४४ माणसांसह गेलं, एकही संदेश नाही. इतकं मोठं जहाज असं कसं जाईल म्हणून कित्येक तर्क झाले. नातेवाइकांनी संघटना केली, कामगार संघटनांनी पैसा उभा केला आणि १९९४ मध्ये सुमारे ४ किलोमीटर खोलीवर सांगाडा सापडला. पुढे तळावरची हजारो छायाचित्रं काढली. निष्कर्ष असा निघाला की नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, हवेच्या वाटा तुटून पुढच्या भागात पाणी शिरत गेलं, नाळ खाली दबली, मग लाटांच्या माऱ्याने पहिल्या कोठाराचं झाकण आत कोसळलं. त्यानंतर कोठारांच्या या झाकणांनी (हॅच कव्हर) किती वजन सोसलं पाहिजे याचे नियम जगभर कडक झाले. मी आज ज्या झाकणांवरून चालतो ती त्या ४४ माणसांमुळे जाड आहेत. गुरुजी, तुम्ही पत्र्यावरच्या दगडांचं लिहिलंत ते वाचताना मला हेच आठवलं.

‘एल फारो’. हे थेट तुमच्या त्रिकोणातलं, नाथसागर दादा. १ ऑक्टोबर २०१५, जॅक्सनविलहून पोर्टो रिकोच्या सान हुआनला निघालेलं जहाज, ३३ माणसं, बहामाजवळ ‘वाकीन’ चक्रीवादळात गेलं. सांगाडा ४,६०० मीटर खोल. पुढच्या वर्षी तिथून ब्रिजवरच्या संभाषणाची नोंद करणारं यंत्र वर काढलं. कॅप्टनसमोर असलेली हवामानाची माहिती काही तास जुनी होती, जहाज वादळाच्या तोंडात जात राहिलं, आत पाणी शिरलं, इंजिन बंद पडलं. शेवटच्या क्षणांपर्यंतचं बोलणं त्यात आहे. ते वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. हेच १९१५ साली घडलं असतं तर ‘सायक्लोप्स’च्या शेजारी त्याचं नाव लागलं असतं.

---

दुधना_परतूर

कामून त्याच एका त्रिकोणात एवढी जहाजं जातात मग? हे कोणीच सांगितलं नाही.

---

लातूरची_रेवा

जास्त जात नाहीत. फ्लोरिडा, मेक्सिकोचं आखात, कॅरिबियन आणि पनामा कालवा यांची वाहतूक तिथून जाते, उन्हाळ्याच्या शेवटापासून चक्रीवादळं तिथूनच जातात आणि गल्फ स्ट्रीमचा जोरदार प्रवाह अवशेष दूर घेऊन जातो. लॉइड्स या विमा बाजाराच्या नोंदींत तो भाग जास्त धोक्याचा ठरलेला नाही, अमेरिकेचं तटरक्षक दलही त्याला वेगळा धोक्याचा पट्टा मानत नाही. बुडीत जहाजांचे पैसे ज्यांच्या खिशातून जातात त्यांचं मत मी गंभीरपणे घेते.

‘बर्म्युडा त्रिकोण’ हे नावच १९६४ चं. व्हिन्सेंट गॅडिस यांनी एका अमेरिकन मासिकातल्या लेखात दिलं. १९७५ मध्ये अ‍ॅरिझोनातले ग्रंथपाल लॅरी कुशे यांनी एकेका घटनेच्या दिवसाची जुनी वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी काढल्या. “शांत समुद्रात” म्हटलेल्या घटनांच्या दिवशी वादळं निघाली. १९०२ चं ‘फ्रेया’ नावाचं जहाज तर मेक्सिकोच्या पश्चिमेला, पॅसिफिकमध्ये सापडलेलं, ते उचलून अटलांटिकच्या यादीत घातलं होतं. मेरी सेलेस्टही अझोर्स आणि पोर्तुगालच्या मध्ये सापडलं होतं, बर्म्युडापासून फार लांब. त्याच्यात १,७०१ पिंपं अल्कोहोल होतं, नऊ रिकामी निघाली आणि जीवरक्षक नौका जागेवर नव्हती. वाफेचा भडका होईल या भीतीने कॅप्टन बायको-लेकराला आणि खलाशांना घेऊन नौकेत उतरला आणि जहाज पुढे निघून गेलं, ही शक्यता मला सगळ्यांत जवळची वाटते.

कुशे यांनी जे केलं ते परभणीच्या वाचनालयात बसूनही करता येईल असं काम आहे. जुनी फाइल काढायची, तारीख बघायची. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

---

नाथसागर (पैठण)

फ्रेयाचं मला माहीत नव्हतं, ते बघतो. एल फारोचंही मान्य. पण मग मलेशियाच्या एमएच ३७० विमानाचं काय? ८ मार्च २०१४, २३९ माणसं, बोईंग ७७७, म्हणजे आजच्या काळातलं विमान. उपग्रह आहेत, रडार आहेत. तिथे ना वादळ, ना राक्षसी लाट. ते सापडलेलं नाही हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

---

कॉकपिट_नांदेड

पूर्ण मान्य. २०१८ च्या मलेशियाच्या अधिकृत अहवालातही कारण ठरवता आलं नाही असंच म्हटलं आहे. विमान मागे वळलं ते कोणीतरी हाताने वळवलं आणि तिसऱ्या कोणाचा हात नाकारता येत नाही, असंही त्यात आहे. म्हणजे तिथे निसर्गाला जबाबदार धरायला मीही तयार नाही. माणसाच्या हातून, मुद्दाम किंवा चुकून, काही घडलं असणं जास्त संभवतं.

पण विमान कुठे गेलं याबद्दल आपण कोरे नाही. संपर्क तुटल्यावरही विमानातलं एक यंत्र साधारण तासातासाला उपग्रहाला हजेरी देत होतं. त्या हजेऱ्यांवरून दक्षिण हिंदी महासागरात एक लांब कमान काढता आली. २०१५ च्या जुलैमध्ये रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग वाहून आला, तो याच विमानाचा ठरला. विमान समुद्रात पडलं, हे पक्कं आहे.

मग सापडत का नाही? त्या कमानीलगत १,२०,००० चौरस किलोमीटर तळ शोधला. आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा ६४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पैठणपासून किनवटपर्यंत आणि वैजापूरपासून उमरग्यापर्यंत सगळा मराठवाडा, त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यावर चार-चार किलोमीटर पाणी, काळाकुट्ट अंधार आणि तळाशी डोंगर-दऱ्या. आवाजाच्या लहरींनी तळ चाचपणारं ‘सोनार’ यंत्र दोरीला बांधून ओढत न्यायचं. नंतर एका खासगी कंपनीने आणखी जवळपास तेवढाच भाग पाहिला. इतक्या जागेत साठ-सत्तर मीटरचं विमान, तेही तुकड्यांत.

एअर फ्रान्स ४४७ शी तुलना करा. १ जून २००९, रिओहून पॅरिसला जाताना २२८ माणसांसह अटलांटिकमध्ये पडलं. अवशेष काही दिवसांत मिळाले, म्हणजे जागा बऱ्यापैकी माहीत होती. तरीही तळावरचं विमान सापडायला २०११ चा एप्रिल उजाडला, ३,९०० मीटर खोल. तोपर्यंत वीज पडली, बॉम्ब होता, काय काय बोललं गेलं. ब्लॅक बॉक्सने सांगितलं की वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ झाला, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांनी नाक वर धरून ठेवलं. विमान हवेत तोल हरवून खाली येत राहिलं, तरी आपण कोसळतोय हे त्यांना ओळखता आलं नाही. त्या नळ्या नंतर बदलल्या. उंचावर विमान असं पडू लागलं तर काय करायचं, हे वैमानिकांना नव्याने शिकवलं जाऊ लागलं. ब्लॅक बॉक्सचा पाण्याखालचा आवाज ३० दिवस टिकायचा, तो ९० दिवस टिकावा असं ठरलं. आणि एमएच ३७० नंतर समुद्रावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाने दर १५ मिनिटांनी आपली जागा कळवायची हा नियम आला.

---

किल्लारी_९३ (औसा)

मी या विषयातला नाही, पण गुरुजींनी भूकंपाचं लिहिलं म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या घराने पाहिली आहे. त्याआधी ९२ साली आमच्याकडे धक्के बसत होते, आवाज येत होते. तेव्हाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात होता, पहिल्या क्रमांकाच्या. दख्खनच्या दगडात मोठा भूकंप होत नाही असं तज्ज्ञही धरून चालले होते. भूकंपाने ते खोटं ठरवलं. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्या पट्ट्यात आलो.

विज्ञानाला आधी माहीत नव्हतं, हे खरं. पण म्हणून कोणी यंत्रं गुंडाळली नाहीत, उलट जास्त बसवली. समुद्रातल्या त्या माणसांच्या घरच्यांसाठीही हेच व्हायला पाहिजे. “गूढ आहे” म्हटलं की शोधायला पैसा कोण देणार? ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला गोष्ट नको असते. कुठं गेलं आणि कशानं गेलं, एवढं पाहिजे असतं.

---

लातूरची_रेवा

याला जोडून. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ विमान २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं आणि बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह बेपत्ता झालं. तेव्हा प्रचंड शोध झाला, हाती काही आलं नाही. इंटरनेटवर तेव्हाही “भारताचा बर्म्युडा” असे मथळे आले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने त्या भागात पाण्याखाली आपोआप फिरणारं यंत्र उतरवलं आणि २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालं : किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष. त्या जागी दुसरं कुठलंही विमान पडल्याची नोंद नाही. साडेसात वर्षं गेली, पण आपल्याच लोकांनी, आपल्याच यंत्राने शोधलं. लेकरांना हे नक्की सांगा गुरुजी.

---

नाथसागर (पैठण)

किल्लारीच्या भावाचं पटलं. माझी सायक्लोप्सबद्दलची शंका मात्र कायम आहे. जोवर सांगाडा सापडत नाही तोवर ती राहील. जड माल हे कारण सगळ्यांत जवळचं दिसतंय, एवढं आज म्हणतो.

---

पूर्णाकाठ (वसमत, जि. हिंगोली)

सगळ्यांचे आभार. हे तीन भागांत लेकरांपुढे मांडतो. वर्गातून दोन प्रश्न आले आहेत, खलाशी दादा, तुम्हीच उत्तर द्या. एक, आज जहाज बुडालं आणि कोणाला फोन करायला वेळच मिळाला नाही, तर कळतं कसं? दोन, समुद्राच्या तळाचा नकाशा पूर्ण झाला आहे का?

---

परळीचा_खलाशी

गुरुजी, पहिल्याचं उत्तर. आमच्या जहाजावर मोकळ्या जागी एक पिवळा-केशरी बीकन बसवलेला असतो, त्याला इपर्ब म्हणतात. जहाज बुडून तो चारेक मीटर पाण्याखाली गेला की पाण्याच्या दाबाने त्याची पकड आपोआप सुटते, तो वर तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला संदेश पाठवतो. त्यात जहाजाची ओळख असते. आपल्याकडचा संदेश बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात येतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या बचाव केंद्राला जातो. माणसाने बटन दाबायची गरज नाही. सायक्लोप्सच्या वेळी यातलं काहीही नव्हतं. एल फारोच्या बीकनचा संदेश मिळाला होता.

दुसऱ्याचं : नाही. आजच्या यंत्रांनी नीट मोजलेला तळ साधारण पाव भाग आहे. बाकीच्या तळाचा अंदाज उपग्रहावरून काढलेला आहे, त्यात डोंगर दिसतात, जहाज किंवा विमान दिसत नाही. एमएच ३७० शोधताना आधी तळाचा नकाशाच करावा लागला होता, कारण तिथला नकाशा कोणाकडे नव्हता.

वर्गात प्रोजेक्टर असेल तर जहाजांची हालचाल दाखवणारं कुठलंही अ‍ॅप लावा. प्रत्येक मोठं जहाज आपली जागा रेडिओवर सतत सांगत असतं. अरबी समुद्रात त्या क्षणी किती जहाजं आहेत ते लेकरांना मोजू द्या.

---

पूर्णाकाठ (वसमत, जि. हिंगोली)

प्रोजेक्टर आहे. शनिवारी अर्धी शाळा असते, त्याच दिवशी घेतो. जमलं तर एल फारोचा मार्ग आणि वादळाचा मार्ग एकाच नकाशावर आखून द्याल का? लेकरांना दोन्ही रेषा कुठे भिडल्या ते दिसलं की बाकीचं मला फारसं बोलावं लागणार नाही.

---

परळीचा_खलाशी

देतो. जहाजाची रेषा निळी, वादळाची लाल, दोन्हींवर तासांच्या खुणा. कॅप्टनला मिळालेला जुना अंदाज तुटक रेषेने वेगळा दाखवतो. उद्या रात्री वॉच (पाळी) संपल्यावर पाठवतो.